एचबेसच्या टेबलचा स्नॅपशॉट कसा घ्यावा आणि कसा वापरावा

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले लागतात. दुकान वाढवण्याआधी सराफ यादी करतो: कुठल्या कप्प्यात कुठला डबा. त्यासाठी तो दागिने दुसऱ्यांदा घडवत नाही. एचबेस हा अनेक सर्व्हरवर पसरलेला डेटाबेस; त्यातल्या टेबलचा स्नॅपशॉट म्हणजे अशीच यादी.

एचबेसमध्ये मोठ्या टेबलचे तुकडे, म्हणजे रीजन, वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. नवी नोंद आधी मेमरीत राहते, मग डिस्कवर एचफाइलमध्ये उतरते. एकदा लिहिलेली एचफाइल पुन्हा कधीच बदलत नाही. त्यामुळे फाइलींची नावं आणि टेबलची रचना टिपून ठेवली की काम झालं.

एचबेसच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, स्नॅपशॉट ही कमांड द्या, पुढे टेबलचं नाव आणि स्नॅपशॉटचं नाव. नावात तारीख घालाच. टेबल बंद करावं लागत नाही, पण सगळ्या रीजनची नोंद एकाच क्षणी होत नाही. त्याच वेळी लिहिलेल्या दोन ओळींपैकी एक यादीत येईल, दुसरी राहील, असं होऊ शकतं. एकच ओळ मात्र अर्धवट येत नाही. म्हणून लिखाण कमी असेल अशी वेळ निवडा. एखादं रीजन नेमकं तेव्हा हलत असेल तर स्नॅपशॉट फसू शकतो, मग पुन्हा घ्या.

आता परत आणण्याबद्दल. इंदूरच्या विजयनगर भागातल्या आमच्या ऑफिसात डिलिव्हरीच्या गाड्यांच्या फेऱ्यांचं टेबल आहे. एका संध्याकाळी चुकीच्या तारखेने स्क्रिप्ट चालली आणि महिनाभराच्या फेऱ्या पुसल्या गेल्या. सकाळचा स्नॅपशॉट हाताशी होता, आणि सगळे म्हणू लागले, रिस्टोअर करा, म्हणजे टेबल स्नॅपशॉटच्या वेळी होतं तसं परत आणा. तसं केलं असतं तर सकाळनंतरच्या फेऱ्याही टेबलमधून गेल्या असत्या. शिवाय रिस्टोअरसाठी टेबल डिसेबल, म्हणजे बंद, करावं लागतं. माझा आग्रह असतो, आधी क्लोन करा. स्नॅपशॉटवरून नव्या नावाचं टेबल उभं राहतं, डेटा कॉपी होत नाही. त्यात ओळी मोजा, दोन-चार उघडून पाहा, आणि हव्या तेवढ्याच मूळ टेबलमध्ये न्या.

इथेच आम्ही दोन तास अडलो. ओळी कॉपी झाल्या, पण दिसेनात. एचबेस डिलीट केलेली ओळ लगेच काढत नाही, तिच्यावर खूण ठेवतं. कॉपी केलेल्या ओळी जुन्याच वेळेच्या शिक्क्यासह आल्या, त्यामुळे त्या खुणेखाली झाकल्या गेल्या. मूळ टेबल फ्लश करून (मेमरीतलं डिस्कवर उतरवून) मेजर कॉम्पॅक्शन पूर्ण होऊ द्या, म्हणजे एचफाइली एकत्र होऊन खुणा आणि त्यांनी झाकलेल्या ओळी निघून जातात; मगच कॉपी करा. आधी घातलेल्या ओळी त्या कॉम्पॅक्शनमध्ये साफ होतात, म्हणून हा क्रम चुकवू नका.

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. यादीही त्याच क्लस्टरवर, म्हणजे सर्व्हरच्या त्याच गटावर, आणि डबेही तिथेच. क्लस्टर गेला की दोन्ही गेले. महत्त्वाच्या टेबलसाठी एक्सपोर्ट स्नॅपशॉट वापरून फाइली दुसऱ्या क्लस्टरवर पाठवा; तेव्हा डेटा खरोखर कॉपी होतो, म्हणून वेळ आणि जागा दोन्ही लागतात.

जुने स्नॅपशॉट वेळच्या वेळी काढा. सुरुवातीला त्यांना फारशी जागा लागत नाही, पण कॉम्पॅक्शननंतर जुन्या एचफाइली अर्काइव्हमध्ये जातात आणि यादीत नाव आहे तोवर त्या पुसल्या जात नाहीत. आम्ही दर सोमवारी सगळ्या स्नॅपशॉटची नावं पाहतो आणि नको ते स्नॅपशॉट डिलीट करतो.