फौजेत नवीन जाताय? मग 'च्यायला'चं भाषांतर करू नका

भरती, मेडिकल, ट्रेनिंग यावर ढीगभर लिहिलेलं आहे, ते परत सांगत बसत नाही. मला शिव्यांबद्दल बोलायचंय, कारण मी तिथेच आपटलो आणि आठ वर्षं झाली तरी आठवलं की कान गरम होतात.

ट्रेनिंग सेंटरला पहिल्या दिवसापासून शिव्या कानावर पडणार. ड्रिलला पाय चुकला शिवी, फॉल इनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, उशीर झाला शिवी आणि वर फ्रंट रोल. घाबरू नका, सकाळी घसा फोडून शिव्या देणारा उस्तादच, म्हणजे शिकवणारा सीनियरच, संध्याकाळी येऊन 'बुखार उतरा क्या' विचारून जातो. गडबड पुढे होते. आपल्याला वाटायला लागतं की इथली बोलीच ही, आपणही बोललो की यांच्यातले झालो. नाही होत बाबा. शिवी वरून खाली येते, बरोबरीच्यांत आडवी फिरते, पण खालून वर गेली की तिचा चार्ज, म्हणजे रीतसर आरोप, होतो. आर्मी अॅक्ट 1950 चं कलम 40 वाचून घ्या, वरिष्ठाशी नुसती उद्धट भाषा वापरली तरी कोर्ट मार्शलमध्ये 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि वरिष्ठात जेसीओ (सुभेदार वगैरे), एनसीओ (नाईक, हवालदार) पण धरलेत, म्हणजे शेजारच्या चारपाईवर घोरणारा नाईकसुद्धा. माझ्या पाहण्यात एवढ्यावरून कोणी जेलमध्ये गेलेला नाही, साहेबासमोर पेशी आणि रगड्यावरच (अंगमेहनतीची शिक्षा) भागतं, पण रेड इंक एन्ट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, पडली की कागदावर राहते, आणि अग्निवीर असाल तर 4 वर्षांनी कायम होणाऱ्या 25 टक्क्यांत बसायचंय.

आता माझं. युनिट मिक्स, सगळ्या राज्यांची पोरं, बोली हिंदी. एमटीत, म्हणजे युनिटच्या गाड्यांच्या विभागात, गाडीखाली काम चाललेलं, नट गोल झाला, पाना सटकला, बोट सोललं आणि तोंडातून निघालं 'च्यायला!' शेजारी हिंदी पट्ट्यातले हवालदार होते, त्यांनी सहज विचारलं, 'ये क्या बोला?' इथे 'कुछ नहीं उस्ताद' म्हणून गप्प बसायचं होतं. मी शहाण्याने अर्थ सांगितला, 'उसकी माँ को.' त्यांनी हातातला सतराचा पाना हळूच मडगार्डवर ठेवला. मी अजून दात काढत होतो.

हे नीट समजून घ्या, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. आयला, च्यायला, तिच्यायला यांच्यातली आई आपल्याकडे वापरून वापरून झिजलीये, आपल्याला ती ऐकूच येत नाही. हिंदीत सांगितलं की तीच आई ठसठशीत समोर उभी राहते आणि पुढचं क्रियापद ऐकणारा मनातल्या मनात जोडून घेतो. 'उसकी' म्हणजे नटाची, असं मी नंतर सीएचएमसमोर (कंपनी हवालदार मेजर) सावधानमध्ये उभा राहून सांगत होतो, स्वतःलाच इतकं येड्यासारखं वाटत होतं. आणि हे उलटही होतं. बॅरेकमध्ये एकाला जी शिवी म्हणजे स्वल्पविराम, तीच शेजारच्याला थेट मारामारीचं आमंत्रण. म्हणून शिवीचा अर्थ कोणी कितीही हसत विचारला तरी सांगू नका, आणि दुसऱ्याच्या भाषेतली शिवी उसनी घेऊ नका, तिचं वजन आपल्याला कळत नाही. वायरलेस सेटवर तर तोंड शिवूनच ठेवा, रेडिओच्या नेटवर कोण कोण ऐकतंय ते दिसत नाही.

शिवी न देताही अडकता येतं. आपण 'तुम्ही' आदराने म्हणतो आणि हिंदीत सरळ 'तुम' करून टाकतो. साहेबाला 'तुम' गेलं की संपलं. आप, आप, आप, घोकून ठेवा.

माझं मत विचाराल तर जो सीनियर पहिल्याच आठवड्यात खांद्यावर हात टाकून शिव्या शिकवतो त्याच्यापासून लांब राहा, वेळ आली की तोच 'साहब, लड़के की ज़बान ख़राब है' म्हणतो. रीलमधल्या जोशवाल्या भाषेवर तर जाऊच नका. मला सावरलं ते ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या क्लार्क हवालदाराने, त्यांच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही आणि तरी अख्खी कंपनी त्यांना दबून असायची.

पण म्हणजे सगळं गिळायचं असंही नाही हं. जातीवरून, धर्मावरून, घरच्यांवरून रोज कोणी लागला असेल तर ती मस्करी नव्हे. हाताखालच्याला छळणं हा कलम 47 खाली गुन्हा आहे, 7 वर्षांपर्यंत कैद. तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून ठेवा आणि चॅनलनेच, म्हणजे एकेक वरिष्ठाच्या पायरीने, वर जा, उलट शिवी देऊन स्वतःची केस घालवू नका.

त्या पान्यावाल्या हवालदारांनी तक्रार लिहून दिली नाही, पण दोन आठवडे माझ्याकडे बघितलं पण नाही. पंधराव्या दिवशी पाना मागितला, तेव्हा जीव भांड्यात पडला. 'च्यायला' सुटायला सहा महिने लागले. मधे एकाने सुचवलं 'ओ तेरी' म्हण, म्हटलं अरे ते पण अर्धंच वाक्य आहे. शेवटी 'बापरे'वर आलो. आता युनिटमध्ये निम्म्या पोरांना माझं खरं नाव माहीत नाही, 'बापरे को बुलाओ' म्हणतात.