वादळ येऊन गेल्यावर फोटो कसे काढायचे

वादळ थांबलं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू होतो. आडवं झाड, त्याखाली कुणाची तरी गाडी आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचं बोट. गाडी कुणाची, गेट कुठलं, झाड कुठल्या बाजूनं आलं, काही म्हणता काही कळत नाही. मी ठाण्याला नौपाड्यात स्टुडिओ चालवते. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो यावर पोट, पण मे संपत आला की नुकसानीचे फोटो काढून द्या म्हणून बोलावणी येऊ लागतात. विम्याचा सर्व्हेयर किंवा तलाठी येईपर्यंत झाडाचे ओंडके टेम्पोत चढलेले असतात, रस्ता झाडून झालेला असतो. मग विचारतात, फोटो आहेत का?

घाई करायचीच, पण आधी मान वर करून बघा. तुटून पडलेल्या वायरींत केबलवाल्याची कुठली, इंटरनेटची कुठली आणि विजेची कुठली हे लांबून सांगता येत नाही. सगळ्यांत करंट आहे असं धरून चाला. वायर साचलेल्या पाण्यात गेली असेल तर त्या पाण्यात पाय घालायचा नाही. महावितरणचा १९१२ लावायचा आणि फोटो गॅलरीतून काढायचा. अर्धवट मोडून वरच अडकलेली फांदी, गच्चीच्या शेडचा एका हुकावर लटकलेला पत्रा, झुकलेलं होर्डिंग, यांच्या खाली उभं राहायचं नाही. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ती काही फोटो काढत नव्हती, नुसती आडोशाला आणि पेट्रोलला थांबली होती. अग्निशमन दलाची माणसं करवत चालवत असतील तर त्यांच्या दोरीच्या बाहेरच थांबा. "ताई, मागे" असं त्यांना दोनदा म्हणायला लावू नका.

आता फोटो. पहिली फेरी लांबून, काहीही हलवायच्या आत. पडलेल्या वस्तूबरोबर न हलणारं काहीतरी फ्रेममध्ये हवंच: इमारतीचं नाव, विंगची पाटी, दुकानाचा बोर्ड, खांबावरचा नंबर. चारही बाजूंनी एकेक घ्या. फोनचा झूम वन एक्सवरच ठेवा. अल्ट्रावाइडमध्ये, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या लेन्समध्ये, कडेचे खांब आपोआप तिरके दिसतात आणि मग मीटिंगमध्ये अर्धा तास वाद, की हा खांब वादळानं वाकला की आधीपासून वाकडा होता. जागा मिळत नसेल तर समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. अशा दिवशी कुणी नाही म्हणत नाही.

मग जवळ या, टप्प्याटप्प्यानं. गाडी असेल तर आधी खोड टपावर आहे तसं, मग नंबर प्लेट दिसेल असं, मग काच आणि पत्र्याचा पोचा. हे सगळं झाल्यावर, आणि विमा कंपनीला कळवल्यावरच, क्रेनवाल्याला हात लावू द्या. (नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. ते दुःख फोटोनं कमी होत नाही.) भिंतीचा तडा, पत्र्याचं भोक यांच्याशेजारी मोजपट्टी धरा. चप्पल ठेवलीत तर पुढचा प्रश्न तिच्या नंबराचा येतो.

सगळ्यात जास्त वेळ मी बुंध्यापाशी देते, आणि तिथेच लोक अजिबात फोटो काढत नाहीत. गुलमोहर किंवा रेन ट्री मुळासकट उपटला की मुळांचं चाक जमिनीतून उभं राहतं. खाली बसून त्या चाकाचा तळ बघा. शहरातल्या झाडाचा तळ बहुतेकदा सपाट निघतो, खोल गेलेलं मूळ सापडतच नाही. वरच्या कडेला पेव्हर ब्लॉक अजून चिकटलेले असतात. आणि एका बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली दिसली तर थांबा. काप काळपट असेल तर तो जुना. कधीतरी गटारासाठी किंवा केबलसाठी खोदताना मारलेला. वादळात तुटलेलं मूळ पांढरट, तंतू निघालेलं, ओलं असतं. हा काळा-पांढरा फरक चिखल लागेपर्यंतच दिसतो, म्हणून बुंध्यापाशी आलात की आधी हाच फोटो घ्या. एक पूर्ण चाकाचा, एक फक्त कापाचा. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं शहरात विनापरवानगी झाड तोडता येत नाही, त्यामुळे झाड आपणहून पडलं हे वृक्ष प्राधिकरणाला दाखवायला सोसायटीला हेच फोटो लागतात.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दिशा. दरवेळी कुणीतरी ग्रुपवर छातीठोकपणे लिहितं, "हा टॉर्नेडोच होता." असेलही, पण आपल्याकडे मान्सूनच्या आधी बहुतेकदा घडतं ते वेगळं: वादळी ढगातली गार हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. हा फरक पडलेल्या झाडांवरूनच कळला. पुढे शिकागो विद्यापीठात गेलेले हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी १९४५ साली अणुबॉम्बनंतर नागासाकी आणि हिरोशिमात जाऊन काय कुठे, कसं पडलंय ते पाहिलं होतं. ३ आणि ४ एप्रिल १९७४ ला अमेरिकेत १४८ टॉर्नेडो झाले, तेव्हा विमानातून पाहणी करताना काही ठिकाणी झाडं तिथल्यासारखीच, चांदणीच्या किरणांसारखी मधून बाहेर पडलेली त्यांना दिसली. तो टॉर्नेडो नव्हता, वरून आदळलेली हवा होती. टॉर्नेडोत अरुंद पट्ट्यात, एकमेकांवर आडवीतिडवी, मधल्या रेषेकडे वळलेली झाडं सापडतात.

म्हणून प्रत्येक झाडाचा एक फोटो खोडाच्या रेषेत उभं राहून, बुंध्याकडून शेंड्याकडे काढा आणि लगेच वहीत लिहा: शेंडा कुठे? ठाण्यात हे सोपं आहे. पश्चिमेला येऊरचा डोंगर, पूर्वेला खाडी. फोनच्या कंपासचा स्क्रीनशॉट घेतलात तर उत्तमच. मात्र तीन झाडांवरून निष्कर्ष काढू नका. घोडबंदर रोडवर दोन टॉवरांच्या मधून वारा वाटेल तसा वळतो.

प्रकाशाची फार चिंता नको. ढगाळ उजेड नुकसानीच्या फोटोला चांगलाच, सावल्या आड येत नाहीत. फक्त पांढऱ्या आभाळासमोर खोड काळंकुट्ट होतं. स्क्रीनवर खोडाला बोट लावा, आभाळ पांढरं गेलं तरी चालेल. लेन्स रुमालानं पुसत राहा. फ्लॅश बंद, नाहीतर पावसाचे थेंब तेवढे चमकतात. ड्रोनवाला भाचा असेल तर त्याला आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवर ड्रोन कुठे उडवता येतो तो नकाशा बघायला सांगा.

माणसांचं मात्र सांभाळून. पत्रे उडालेल्या चाळीत शिरताना कॅमेरा खाली. "मावशी, घराचा फोटो काढू का? पंचनाम्याला लागेल." हो म्हणाल्या तर दारावरच्या घर नंबरापासून सुरुवात करा, मग उघडं छप्पर, मग भिजलेलं धान्य आणि गाद्या. हे फोटो त्यांच्या फोनवर पाठवायचे, ग्रुपवर नाही. रडणाऱ्या माणसाचा चेहरा कुठल्याच दाव्याला लागत नाही.

घरी आल्यावर मूळ फोटोंना हात लावू नका, ना फिल्टर ना क्रॉप. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि काढल्याची वेळ-जागा निघून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात जागा आणि तारीख घाला, "बी विंग गेट" असं साधं. आणि पुढच्या एप्रिलमध्ये, फांद्या छाटायच्या आधी, आवारातल्या प्रत्येक झाडाचा बुंधा, गच्चीवरची शेड आणि कुंपणाची भिंत यांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. सर्व्हेयरचा दुसरा प्रश्न तोच असतो: आधी कसं होतं?