बेस्ट आन्सर निवडताना या चुका टाळा

प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न टाकला, पाच मिनिटात उत्तर आलं, वाचून बरं वाटलं आणि लगेच त्याला बेस्ट आन्सरची टिक मारून मोकळे, असं खूप जण करतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. टिक दिसली की बाकीच्यांना वाटतं प्रश्न सुटला आणि जो माणूस नीट वेळ काढून लिहिणार होता तोही पुढे निघून जातो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर तर प्रश्न टाकल्यावर पहिली 15 मिनिटं उत्तर ॲक्सेप्टच करता येत नाही, म्हणजे टिक देता येत नाही, पण तेवढंही पुरत नाही, निदान एक दिवस तरी थांबा.

दुसरं म्हणजे करून न बघता टिक देणं. हे माझ्याकडून झालंय. एक्सेलमधल्या व्हीलूकअपबद्दल (यादीतून हवी ती व्हॅल्यू शोधून आणणारा फॉर्म्युला) विचारलं होतं, मिळालेला फॉर्म्युला पहिल्या दोन-तीन ओळींवर बरोबर चालला म्हणून टिक देऊन टाकली, आणि नंतर कळलं की त्यात शेवटचं फॉल्स, म्हणजे तंतोतंत जुळणारीच व्हॅल्यू हवी असं सांगणारा भाग, टाकलेलंच नव्हतं. ते नसलं की एक्सेल जवळपासची व्हॅल्यू उचलतं, आणि लिस्ट सॉर्ट केलेली नसेल तर भलताच आकडा येतो, बरं एरर येईलच असंही नाही, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. खाली दुसऱ्या एकाने नेमकं हेच लिहून ठेवलं होतं, मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. म्हणून सांगते, आलेली सगळी उत्तरं वाचा आणि आपल्या खऱ्या डेटावर चालवून बघा.

ज्याला जास्त व्होट तेच बरोबर असंही धरून चालू नका. जुन्या उत्तराला व्होट गोळा करायला वर्षं मिळालेली असतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या व्हर्जनचा, पायथॉन 2 चा, सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला बंद झाला, तरी जुन्या पद्धतीने कंसाशिवाय प्रिंट ही कमांड लिहिलेली उत्तरं अजून सापडतात आणि ती पायथॉन 3 मध्ये सरळ एरर देतात. त्यामुळे तारीख आणि व्हर्जन आधी बघायचं. आणि उत्तर लांबलचक आहे, ठामपणे लिहिलंय, म्हणजे खरं आहे असं नसतं, "का" ते सांगितलंय का ते बघा.

काही जण समोरच्याने मेहनत घेतली म्हणून टिक देतात. भावना चांगली आहे, पण त्यासाठी अपव्होट (उत्तर आवडल्याचं मत) आहे ना, स्टॅक ओव्हरफ्लोवर त्याचेही 10 पॉइंट मिळतात त्याला, टिकचे 15. टिक मात्र ज्याने अडचण खरंच सुटली त्यालाच द्या, कारण उद्या तोच प्रॉब्लेम घेऊन येणारा माणूस ती टिक बघूनच विश्वास ठेवणार आहे.

चुकून दिलीच तर बदलता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आधीच्याचे पॉइंट जातात म्हणून संकोच वाटतो, मलाही वाटला होता, पण खाली कमेंटमध्ये कारण लिहिलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. स्वतःच उत्तर शोधलं असेल तर तेही लिहा, स्टॅक ओव्हरफ्लोवर 48 तासांनी त्याला टिक देता येते.

आणि एकही उत्तर लागू पडत नसेल तर उगाच कुणाला तरी टिक देऊ नका. प्रश्न एडिट करा, काय काय करून बघितलं आणि नेमका कुठला एरर आला ते टाका, बहुतेक वेळा पुढचं उत्तर त्यावरूनच मिळतं.