हवेतले नॅनोकण मोजायचेत? मीटर नंतर, आधी रिकाम्या शेडची हवा मोजा

कारखान्यात नॅनो पावडर आली की सेफ्टीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मीटर कुठला घेऊ. मीटरचं नंतर बघू, आधी सांगा की काहीच काम चालू नसताना तुमच्या शेडच्या हवेत किती कण असतात ते माहितीये का? कारण कण मोजणाऱ्या यंत्राला तुमचा माल, फोर्कलिफ्टचा डिझेल धूर, शेजारच्या विभागातलं वेल्डिंग आणि कँटीनचा तवा यातलं काही कळत नाही, सगळं एकाच आकड्यात येतं, आणि तो आकडा बघून एकतर उगाच घाबरगुंडी उडते नाहीतर उगाच निर्धास्त होतात लोक.

उदाहरण घेऊ नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडचं, कोटिंग बनवणारा प्लान्ट, कामगार गोण्या फोडून हॉपरमधे (पावडर ओतायच्या नरसाळ्यात) ओततोय. आधी मालाची डेटा शीट काढा. पेंटमधलं नेहमीचं पांढरं पिगमेंट साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचं असतं, ते नॅनो नाही. मूळ कण १०० नॅनोमीटरच्या खाली असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या निओश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २०११ मधे दोन्हीला वेगळ्या मर्यादा सुचवल्या, नेहमीच्या बारीक पावडरला घनमीटरला २.४ मिलीग्रॅम आणि अतिसूक्ष्मला ०.३, म्हणजे तोच पदार्थ पण आठपट कडक. आपल्या जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या (नोव्हेंबर २०२५ मधे त्याची जागा नव्या लेबर कोडने घेतली) दुसऱ्या शेड्यूलमधे नॅनोसाठी असा वेगळा आकडा नव्हता त्यामुळे तुलना बाहेरच्या मर्यादांशीच करावी लागते, रिपोर्टमधे तसं स्पष्ट लिहा.

मग एक अख्खी शिफ्ट नुसतं उभं राहून बघा, यंत्राशिवाय. लोकांना वाटतं गोणी ओततानाच धूळ उडते, पण रिकामी गोणी दाबून घडी घालतात तेव्हा तिच्यातली हवा सरळ तोंडावर येते ते कोणी बघतच नाही. झाडू मारणं, काँप्रेसरच्या हवेने कपडे झटकणं (हे तर बंदच करायला पाहिजे), आणि डस्ट कलेक्टरच्या फिल्टर बॅगा बदलणं, जे काम बहुतेक मेंटेनन्सवाला कधीतरी रात्री उरकतो आणि कुठल्याच यादीत नसतं, हे सगळं लिहून घ्या. मोजायचं काय ते या यादीवरून ठरतं.

आता बॅकग्राउंड, म्हणजे तुमचा माल सोडून हवेत आधीच असलेले कण. काम सुरू व्हायच्या आधी निदान अर्धा तास, काम संपल्यावर पुन्हा, आणि काम चालू असताना दुसरं एक यंत्र लांब, जिथून हवा आत येते तिथे. दुसरं यंत्र नसेल तर गोण्यांच्या मधल्या रिकाम्या वेळा वापरा. आणि साहेब मोजायला येणार म्हणून सकाळीच शेड झाडून काढू नका प्लीज, हे प्रत्येक ठिकाणी होतं आणि मग बॅकग्राउंडच वर जाऊन बसतं.

यंत्रं निदान दोन लागतात. एक कंडेन्सेशन पार्टिकल काउंटर, ज्यात कणांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ बसवून ते फुगवतात आणि मोजतात, हातात धरायचं मॉडेल साधारण १० नॅनोमीटरपासून पुढचं पकडतं आणि घनसेंटीमीटरला एक लाखापर्यंत नीट मोजतं, त्याच्यावर गेलं की कमी दाखवायला लागतं. दुसरं ऑप्टिकल काउंटर, प्रकाशाने कण मोजणारं, ०.३ मायक्रॉनपासून १० पर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे १,००० नॅनोमीटर). दोन्ही का, तर नॅनो पावडर हवेत सुटी सुटी फारशी उडत नाही, रव्याच्या गुठळ्या होतात तशा गोळ्या होऊन उडते, त्यामुळे गोणी ओतताना पहिलं यंत्र जेमतेम हलतं आणि दुसरं उसळतं. उलट पहिलं एकदम वर गेलं आणि दुसरं शांत, तर आधी बाहेर बघा कुठला ट्रक चालू आहे. अल्कोहोलवालं यंत्र वाकडं करू नका, आत अल्कोहोल सांडतं, आणि सॉल्व्हंटच्या झोनमधे नेण्याआधी ते तिथे चालतं का हे कंपनीच्या सेफ्टीकडून लेखी घ्या.

यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळवा आणि मिनिटामिनिटाची वही ठेवा. १०:४२ गोणी फोडली, १०:४५ फोर्कलिफ्ट गेली, १०:५० एक्झॉस्ट बंद केला. वही नसेल तर ग्राफवरची टोकं कशाची हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

तरीही कामगाराच्या श्वासात काय गेलं हे सांगायला फिल्टरच लागतो. पंप कमरेला, सायक्लोन (जाड धूळ वेगळी काढणारं छोटं उपकरण) आणि कॅसेट (फिल्टरची डबी) कॉलरला, नाकापासून ३० सेंटीमीटरच्या आत. ॲल्युमिनियम सायक्लोनला मिनिटाला २.५ लिटर. फ्लो सगळी जोडणी लावून मोजायचा, आधी आणि नंतर, ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर सॅम्पल बाद. सायक्लोन उलटा झाला तर खालची जाड धूळ फिल्टरवर पडते म्हणून जेवायच्या सुट्टीत कामगाराला पट्टा काढून बाकावर आडवा टाकू देऊ नका. आणि त्याला आधीच सांगा, दादा हे तुमच्यावर नजर ठेवायला नाहीये, रोज करता तसंच काम करा. नाहीतर तो दिवसभर इतकं जपून काम करतो की सॅम्पलला काही अर्थच राहत नाही.

५ मायक्रॉन भोकाच्या फिल्टरमधे नॅनो कसं अडकेल असं सगळे विचारतात. फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे, अगदी बारीक कण सैरावैरा हलत असतात आणि धाग्यांना जाऊन चिकटतात, सगळ्यात जास्त निसटतात ते साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनवाले.

हिशोब आधीच करून ठेवा. २.५ लिटरने आठ तास म्हणजे १.२ घनमीटर हवा, ०.३ च्या मर्यादेला फिल्टरवर ०.३६ मिलीग्रॅम, ते वजनात येतं. पण कार्बन नॅनोट्यूब असतील तर निओशची २०१३ ची मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे फिल्टरवर जेमतेम १.२ मायक्रोग्रॅम, तिथे वजनकाटा विसरा, एलिमेंटल कार्बनची टेस्ट करणारी लॅब शोधा. टायटॅनियमलाही नुसतं वजन पुरत नाही कारण त्यात बाकीची धूळ असतेच, आणि टायटॅनियम डायऑक्साइड साध्या नायट्रिक ॲसिडमधे विरघळत नाही, लॅब कशात विरघळवते ते आधीच विचारा नाहीतर छान कमी आकडा येईल आणि सगळे खूष. सोबत एक फिल्टर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी, गोळ्या खरंच तुमच्या मालाच्या आहेत की काजळीच्या ते तिथेच दिसतं. निदान दोन कोरे फिल्टरही पाठवा, उघडून लगेच बंद केलेले.

कणसंख्येची तुलना करायचीच असेल तर नेदरलँड्समधे वापरतात ते आकडे आहेत, मालाची घनता घनमीटरला ६,००० किलोच्या खाली असेल तर घनसेंटीमीटरला ४०,०००, वर असेल तर २०,०००, आठ तासांची सरासरी आणि बॅकग्राउंड वजा करून. टायटॅनियम डायऑक्साइड ४,२०० च्या आसपास म्हणजे ४०,००० वालं. १५ मिनिटांसाठी दुप्पट धरतात. पण हे आकडे आरोग्याच्या अभ्यासातून आलेले नाहीत, सावधगिरीचे आहेत, म्हणजे ३८,००० आलं म्हणून सेफ असं लिहू नका.

रिपोर्टमधे प्रत्येक कामाचा आकडा वेगळा द्या, गोणी, घडी, झाडू, फिल्टर बॅग. आठ तासांच्या सरासरीत दहा मिनिटांची घडी हरवून जाते, आणि मॅनेजमेंटला हॉपरजवळ खेचणारा एक्झॉस्ट मागायचा असेल तर तीच दहा मिनिटं दाखवावी लागतात. एक्झॉस्ट बसला की त्याच जागी, तेवढ्याच गोण्यांना, तेच सगळं पुन्हा मोजा.