अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठे? ठाणे-नवी मुंबईत पोरांची सोय लावताना

अठरा झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या पोरांना आम्ही कळव्यात एका फ्लॅटवर ठेवतो. तिथे पहिला मुलगा आला तेव्हा मी त्याच्या हातात चावी दिली आणि तो नुसता बघत उभा. म्हटलं काय झालं रे, तर म्हणे दादा, ही माझ्याकडेच ठेवू? सगळं बालपण बालगृहात गेलेलं, तिथे चावी कायम काकांच्या कमरेला. पुढच्या महिन्याभरात पठ्ठ्याने ती तीनदा हरवली, चौथी बुटाच्या लेसला बांधून गळ्यात घातली तेव्हा कुठे टिकली. हे अशासाठी सांगतोय की लोक विचारतात अशा पोरांची राहायची सोय लावायची तर काय काय लागतं, आणि डोक्यात फक्त रूम, भाडं, डिपॉझिट एवढंच असतं. रूम मिळते हो. घणसोली, कोपरखैरणे गावठाणात कॉट बेसिसवर, म्हणजे अख्खी रूम नाही तर एका खाटेचं भाडं देऊन, आजही मिळते. पण कागद नसतील आणि रात्री अकराला फोन उचलणारं कुणी नसेल तर ती रूम दोन-तीन महिन्यांत सुटते, आणि मग पोरगं मित्राकडे, मग दुसऱ्या मित्राकडे, मग ठाणे स्टेशनवर.

सुरुवात कागदांपासून, आणि अठरावा वाढदिवस यायच्या निदान सहा महिने आधी. आधार आहे का हे बघून थांबू नका, पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे परत द्यावे लागतात ते दिलेत का ते बघा, बऱ्याच पोरांचं तिथेच अडलेलं असतं आणि मग सिम घेताना, बँकेत, सगळीकडे मॅच होत नाही. घरचा पत्ता नसेल तर संस्थेच्या अधीक्षकांनी ठरलेल्या फॉर्मवर सही-शिक्का दिला की आधारला तो चालतो, पण हे पोरगं संस्थेत असतानाच करून घ्या, बाहेर पडल्यावर त्या एका सहीसाठी चकरा मारून चपला झिजतात. बँकेचं खातं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, म्हणून काढलेलं असतं, अठरा झाल्यावर नव्याने केवायसी करावं लागतं, नाहीतर पहिला पगार यायच्या वेळेलाच खातं बंद. शाळेचा दाखला, मार्कशीट, जन्माचा पुरावा, जात दाखला असेल तर तो, सगळ्याचे फोटो डिजिलॉकरमधे नाहीतर स्वतःच्या मेलवर टाकून ठेवायला लावा. ओरिजिनल पोराच्या पिशवीत नको, ती पिशवी लोकलमधे राहते. आमच्याकडे दोनदा राहिलीये.

आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज टाकाच. महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

आता सरकारी मदत. अठरा झाली म्हणजे सरकारचा संबंध संपला असं संस्थेतलेच लोक बिनधास्त सांगतात, ते खरं नाहीये. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 46 आहे, त्यात बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला 21 वर्षांपर्यंत मदत देता येते, आणि अगदीच गरज असली तर नियमांप्रमाणे पुढे अजून दोन वर्षं. ह्यालाच आपल्याकडे अनुरक्षण म्हणतात, इंग्रजी बोलणारे आफ्टरकेअर म्हणतात. नियमांत सहा ते आठ जणांनी एकत्र राहायचं तात्पुरतं घर, ट्रेनिंगच्या काळात स्टायपेंड, संपर्कात राहणारा समुपदेशक असं सगळं लिहिलेलं आहे. मिशन वात्सल्य ह्या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. ठाण्यात त्यात भाडं निघत नाही हे मलाही कळतं, पण डबा आणि पास निघतो.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा, बाल कल्याण समितीपुढेही, म्हणजे अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, विषय ठेवायचा, आणि लेखी करायचा. तोंडी बोलणं झालं, साहेब हो म्हणाले, ह्याला काडीची किंमत नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घ्या आणि ती पोच जपा. मी एका मुलासाठी पोच न घेता आलो होतो, चार महिन्यांनी सांगण्यात आलं की असा अर्जच आला नाही, तेवढ्यात पोरगं साडेअठरा वर्षांचं झालं होतं आणि एका हॉटेलात भांडी घासून तिथेच झोपत होतं.

पोरगं अठराच्या आतलं असेल आणि घरातून काढलंय किंवा पळून आलंय तर मात्र परस्पर घरी ठेवून घेऊ नका, कितीही कळवळा आला तरी. 1098 ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा पोलिसांना कळवा. एकटं सापडलेलं मूल 24 तासांच्या आत कळवायचं असं कायदाच सांगतो, नाही कळवलं तर तो गुन्हा आहे. मग बाल कल्याण समिती ठरवेल, आणि तुम्ही ओळखीचे म्हणून सोबत गेलात तर पोराला बरं वाटतं.

मुलींचा रस्ता थोडा वेगळा. घरात मारहाण, जबरदस्तीचं लग्न असं काही असेल तर 181 ह्या महिला हेल्पलाइनवर फोन आणि सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे तातडीच्या मदतीचं केंद्र, तिथून पुढे शक्ती सदन, म्हणजे राहायचं निवारागृह. नोकरी लागली असेल तर सखी निवास, म्हणजे आधीचं वर्किंग वुमन हॉस्टेल. ट्रान्स मुलामुलींना घरच्यांनी काढलं असेल तर केंद्राच्या स्माईल योजनेतली गरिमा गृहं, म्हणजे ट्रान्स व्यक्तींसाठीची निवारागृहं, आहेत, जागा किती शिल्लक आहे ते आधी फोनवर विचारा. शिकणाऱ्या पोरांचं सरकारी हॉस्टेल हुकलं तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी अनुसूचित जातीसाठी बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम्, ठाणे-नवी मुंबईसाठी वर्षाला 60,000 पर्यंत मिळतात. पैसे हप्त्याने येतात, त्यांच्या भरवशावर दर महिन्याचं भाडं ठेवू नका.

रूम बघताना स्टेशन किंवा शेअर रिक्षा किती लांब ते बघा, कारण पहिली नोकरी बहुतेक वेळा एमआयडीसीत किंवा मॉलमधे शिफ्टची असते आणि रात्री साडेबाराला सुटल्यावर रिक्षाला दीडशे द्यायला लागले तर पोरगं आठवड्यात नोकरी सोडतं. पाण्याची वेळ विचारा, कळव्यात हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारायचा असतो. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करूनच घ्या, आपल्याकडे ते कायद्यानेच सक्तीचं आहे, नोंदणी फी 1000 आणि स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, वर एजंट मागेल ते त्याचं कमिशन. मालक म्हणेल कशाला, ओळखीतलेच आहात. तरी करा, त्या ॲग्रीमेंटवरच आधारचा पत्ता बदलतो. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला राहायला जायच्या आधी भेटून या. अनाथ आहेत वगैरे सांगायची गरज नाही, ती पोरांची खाजगी गोष्ट आहे. कामाला जाणारी मुलं आहेत, काही झालं तर हा माझा नंबर, एवढं पुरतं.

भाडं टप्प्याने घ्या. आम्ही पहिले तीन महिने काहीच घेत नाही, मग 1000, मग 2000, वर्षाने बाहेर जेवढं द्यावं लागेल त्याच्या जवळपास. एखाद्याचा महिना चुकला तर घालवू नका, बसवून विचारा, बहुतेक वेळा नोकरी गेलेली असते आणि सांगायची लाज वाटत असते. नियम चारच ठेवा आणि पोरांकडूनच लिहून घ्या. आम्ही सुरुवातीला भिंतीवर चौदा नियमांचा कागद लावला होता, एकाने बघितला आणि म्हणाला, दादा बालगृहात बारा होते. त्याच रात्री तो कागद काढला.

स्वयंपाकाचा अंदाज त्यांना अजिबात नसतो. चाळीस जणांचं जेवण बघितलेलं, त्यामुळे चौघांना दीड किलो तांदूळ शिजवतात. दोन-तीन रविवार स्वतः जाऊन वरणभात, अंडाकरी करून दाखवा, सिलेंडरचा रेग्युलेटर कसा बंद करायचा ते दाखवा. आमच्यातला एक दिवा बंद करून झोपूच शकत नव्हता, बालगृहाच्या हॉलमधे रात्रभर ट्यूब चालू असायची सवय, बाकीचे वैतागले, शेवटी पन्नास रुपयांचा झिरोचा बल्ब आणला आणि भांडण मिटलं.

आणि गणपतीचं आधीच ठरवून ठेवा. पाच-सहा दिवस अख्खी बिल्डिंग कोकणात, शेजारचे गावाला, कंपनीला सुट्टी, आणि ह्यांना गावच नाही. पहिल्या वर्षी मीही राजापूरला निघून गेलो होतो, मला वाटलं मजा करतील पोरं. दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला, काही नाही दादा, असंच, तुमच्याकडे आरती किती वाजता असते. पुढच्या वर्षीपासून मी तिकिटं काढतानाच विचारतो कोण कोण येतंय, आणि जो येत नाही त्याला समोरच्या काकूंकडे जेवायला सांगून ठेवतो. फ्लॅटची एक जादा चावीपण काकूंकडेच असते.