‘सालोमे’ बसवताय? या चुका टाळा

ऑस्कर वाइल्डचं ‘सालोमे’ हे नाटक (हेरोद राजासमोर नाचून सालोमे कैदेतल्या योहान संदेष्ट्याचं शिर मागते, ती गोष्ट) हातात आलं की पुष्कळ जण तालीम नाचापासून सुरू करतात. गाडी तिथेच घसरते. सात पडद्यांच्या नाचाला संहितेत जेमतेम एका ओळीची सूचना आहे. बायबलात तर पडदेही नाहीत आणि मुलीचं नावही नाही. ती नुसती हेरोदाची राणी हेरोदिया हिची मुलगी. नाचाला नऊ-दहा मिनिटं मिळाली ती संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या १९०५ च्या ऑपेरात, आणि तिथेही ड्रेस्डेनच्या पहिल्या प्रयोगात गायिका नाचायला तयार नव्हती म्हणून वेगळी नर्तकी उभी करावी लागली. नाच पडतोय असं वाटलं तर पावलं बदलत बसू नका. बघणाऱ्या हेरोदावर उजेड टाका.

जाहिरातीत ‘अश्लील म्हणून बंदी’ असं छापू नका. १८९२ मध्ये लंडनमध्ये फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टच्या तालमी चालू असताना परवानगी नाकारली गेली, ती बायबलमधली पात्रं रंगमंचावर आणायला मनाई होती म्हणून.

सालोमेला निरागस करण्याचा मोहही आवरा. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात ती आईला विचारून योहानाचं शिर मागते. वाइल्डची सालोमे स्वतःच्या मनाने मागते. १९५३ च्या हॉलिवूडपटात रिटा हेवर्थ चक्क योहानाला वाचवायला नाचते! मग शोकांतिका कसली?

लांबी कमी करताना पहिली कात्री चंद्राला लागते. इथे प्रत्येकाला आपापला चंद्र दिसतो: कुणाला मेलेली बाई, सालोमेला कुमारिका, हेरोदाला नशेत झिंगलेली वेडी. मग हेरोदिया म्हणते, चंद्र चंद्रासारखा दिसतो, बस्स. आधीचं कापलंत तर हे वाक्य फुकट जातं. वाद घालणाऱ्या पाच यहुद्यांची मात्र टवाळी करू नका. आज ते ओंगळ दिसतं.

आता मुंडकं. रबरी शिर उजेडात आलं की मागच्या रांगेतून हशा येतोच. वाइल्डने तोड लिहून ठेवली आहे. वध खाली, योहानाला कोंडलेल्या हौदात होतो, काठावरची सालोमे कान लावून असते आणि जल्लादाचा काळा हात चांदीच्या ढालीवर शिर वर धरतो. पुढे मशाली विझतात, चंद्र ढगाआड जातो, आणि त्या शिराचं चुंबन घेतल्याचं तिच्या तोंडून आपण अंधारात नुसतं ऐकतो. सिनेमावाल्यांनीही इथे क्लोज-अप घेऊ नये. त्यानंतरच चांदण्याची तिरीप तिच्यावर पडते, हेरोद वळतो आणि तिला मारायचा हुकूम देतो. ही तिरीप एक वाक्य जरी आधी आली, तरी तो वळून काय बघतो ते प्रेक्षकांनी आधीच बघितलेलं असतं.