जर्मनीत घर घेताय? आधी वरखर्चाचा हिशेब मांडा

फ्रँकफर्ट परिसरात नव्याने आलेली बरीच मराठी जोडपी दोन-तीन वर्षांत भाड्याला कंटाळतात आणि घरांच्या जाहिराती पाहू लागतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हप्ता किती बसेल?" माझं कळकळीचं सांगणं आहे, हप्त्याचं नंतर बघा. आधी हाताशी शिल्लक किती आहे ते पाहा, कारण कोणतं घर परवडेल हे इथे त्यावर ठरतं. खरेदीवरचा कर, नोटारची (घराचा करार कायदेशीर करून देणारे सरकारमान्य वकील) फी आणि दलाली हा सगळा वरखर्च बँका सहसा कर्जात धरत नाहीत.

4 लाख युरोचा फ्लॅट धरू. आपल्याकडच्या स्टॅम्प ड्युटीच्या जागी इथे ग्रुंडएरवेर्बष्टॉयर लागतो आणि त्याचा दर प्रत्येक राज्याचा वेगळा. फ्रँकफर्ट ज्या राज्यात येतं त्या हेसेनमध्ये 6 टक्के, म्हणजे 24,000 युरो. नोटार आणि ग्रुंडबुख, म्हणजे जमीन-मालकीची सरकारी नोंद, यांचे मिळून साधारण 2 टक्के, म्हणजे 8,000. माकलर, म्हणजे दलाल, मध्ये असेल तर तुमच्या वाट्याची दलाली बहुतेक वेळा 3.57 टक्के, म्हणजे 14,280. बेरीज 46,280 युरो, आणि यातला एक युरोही घराच्या किमतीत जात नाही.

राज्याची सीमा इथे खरंच महत्त्वाची आहे. शेजारच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात हाच कर 3.5 टक्के आहे. आशाफेनबुर्ग बायर्नमध्ये येतं, आणि तिथून फ्रँकफर्टला रोज ट्रेनने ये-जा करणारे पुष्कळ आहेत. त्याच किमतीच्या घरावर तिथे 14,000 युरो कर बसतो, म्हणजे सरळ 10,000 वाचतात. उलट नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये दर 6.5 टक्के आहे. शहर ठरवताना नोकरी, शाळा यांच्याबरोबर हाही आकडा समोर ठेवा.

दलालीबद्दल एक लक्षात असू द्या. डिसेंबर 2020 पासूनच्या कायद्यानुसार, माकलर विकणाऱ्याने नेमला असेल तर राहण्यासाठी घर किंवा फ्लॅट घेणाऱ्यावर निम्म्याहून जास्त दलाली टाकता येत नाही. नोटारच्या फीत मात्र घासाघीस होत नाही, ती कायद्याने किमतीनुसार ठरलेली असते. जुन्या घरात विकणारा किचन ठेवून जाणार असेल, तर त्याची वाजवी किंमत करारात वेगळी लिहून घ्या. 8,000 युरोचं किचन वेगळं दाखवलं की हेसेनमध्ये त्यावरचा 480 युरो कर लागत नाही. पण आकडा फुगवू नका, फिनान्त्सअम्ट, म्हणजे कर कार्यालय, विचारू शकतं.

नोटार म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारून देणारे गृहस्थ नव्हेत. इथे त्यांच्याशिवाय घराचा व्यवहारच होत नाही. ते कोणाच्याही बाजूचे नसतात, त्यामुळे सौदा तुमच्या फायद्याचा आहे की नाही हे ते सांगणार नाहीत. सहीच्या दिवशी ते अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतात, तेही भरभर, आणि मधेच थांबून "काही प्रश्न?" असं विचारतात. तेव्हाच थांबवून विचारायचं असतं. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल आणि एकाला जर्मन नीट कळत नसेल, तर दुभाषा लागतो. त्याचा खर्च आणि वेळ आधीच धरा. मसुदा घरी घेऊन निवांत वाचा. बिल्डरकडून घेत असाल तर तो सहसा दोन आठवडे आधी मिळायलाच हवा. आणि बँकेचा लेखी होकार हातात आल्याशिवाय सहीला बसू नका. सही झाल्यावर कर्ज मिळालं नाही म्हणून माघार घेता येत नाही.

आता कर्ज. आपल्याकडे फ्लोटिंग दराचं गृहकर्ज बोनस आला की फेडून टाकता येतं, दंड लागत नाही. इथे व्याजदर बहुधा 10 किंवा 15 वर्षांसाठी बांधलेला असतो, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर बँक भरपाई मागते. म्हणून करारात झोंडरटिलगुंग, म्हणजे दरवर्षी मूळ रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत जादा फेडायची सोय, आग्रहाने घालून घ्या. दर 10 वर्षांहून जास्त काळ बांधलेला असला, तरी पूर्ण रक्कम मिळून 10 वर्षं झाली की सहा महिन्यांची नोटीस देऊन बिनदंड बाहेर पडता येतं.

सुरुवातीची परतफेड वर्षाला कर्जाच्या 2 टक्के ठेवली की हप्ता गोड वाटतो. 3,20,000 युरोचं कर्ज, 3.5 टक्के व्याज, तर हप्ता साधारण 1,467. पण 10 वर्षांनी सुमारे 2,43,500 युरो शिल्लकच असतात आणि ते त्या वेळच्या दराने नव्याने घ्यावे लागतात. जमत असेल तर परतफेड 3 टक्क्यांपासून सुरू करा. शिवाय स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर इथे करसवलत नाही, भारतातला तो हिशेब डोक्यातून काढून टाका.

भारतातून पैसे आणणार असाल तर कागद आधी जमवा. 2023 पासून इथे घराचे पैसे रोखीने देता येत नाहीत, आणि रक्कम आली कुठून हे बँक विचारतेच. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या, खात्यातून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण त्यासाठी सीएची कागदपत्रं लागतात आणि त्यात आठवडे जातात. सही झाल्यावर नोटारचं पैसे भरायचं पत्र येईपर्यंत विकणाऱ्याला काही देऊ नका. कराची नोटीस फिनान्त्सअम्टकडून वेगळी येते, साधारण महिन्याची मुदत असते, आणि तो भरल्याशिवाय ग्रुंडबुखात मालक म्हणून तुमचं नाव चढत नाही.